वॉर्निश लावलेला रॅचेट

ऑरव्हिल,

फळीवरची जागा रिकामी दिसली म्हणून चोर शोधत फिरू नकोस. रॅचेट मी नेला आहे. बाबांनी तो तुला दिला नव्हता. त्यांना पुरलं त्या दिवशी आम्ही बायका चर्चमध्ये कॉफीचे कप विसळत होतो, तेवढ्यात तू हत्यारांची पेटी आपल्या गाडीत घातलीस, एवढंच. फळीवर टांगलास तेही एक वेळ सोडून देते. पण वॉर्निश? हत्याराला वॉर्निश फासणारा माणूस माझा सख्खा भाऊ आहे, हे गावात कोणत्या तोंडाने सांगू?

लव्हॉन

ही चिठ्ठी लव्हॉन ट्वेटनने रिकाम्या जागी ठोकली आणि जुनी शेतीयंत्रं दाखवणाऱ्या मळणीच्या मेळ्याच्या मांडवातून तरातरा बाहेर पडली. सप्टेंबरातल्या लेबर डेच्या, म्हणजे सोमवारच्या सुट्टीच्या, आधीचा शुक्रवार होता. जुनी वाफेची इंजिनं अजून पेटायची होती. जुन्या हत्यारांच्या फळीवर, रिकाम्या जागेखाली कार्ड होतं: 'आइनार ट्वेटन आणि मुलगा ऑरव्हिल यांनी चाळीस वर्षं वापरलेला, नट-बोल्ट आवळायचा रॅचेट पाना.' ते वाचूनच तिचं डोकं फिरलं होतं. ऑरव्हिलने त्या रॅचेटने आयुष्यात अक्रोड तेवढे फोडले होते.

ट्रॅक्टरखाली शिरायची ती लव्हॉन. बाबांची कंबर धरली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. बाबा उपड्या बादलीवर बसून सांगायचे, "डोळ्याने बघू नकोस, कानाने ऐक. टक् टक् चुकली की दात निसटला." पुढे ती कॉलेज शिकली, एक वर्ष शाळेत गणित शिकवलं, कंटाळली आणि त्याच शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करू लागली. सव्वीस वर्षं केल्या. जानेवारीत गाडी चालू होईना की ड्रायव्हर मुख्याध्यापकांना नाही, तिला फोन करायचे.

घरी येऊन तिने रॅचेट कामाच्या टेबलावर ठेवला. दिशा बदलायची कळ अंगठ्याने दाबून पाहिली. ढिम्म. वॉर्निश फटीतून आत उतरून दातांवर दगडासारखं बसलं होतं.

ती वॉर्निश काढायचं औषध फटीत सोडत होती, तेवढ्यात ऑरव्हिल दारात उभा राहिला. हातात चिठ्ठी.

"मेळ्याच्या कमिटीतल्या गॉर्डनने ही सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली, लव्हॉन."

"बरं झालं. त्याचा आवाज चांगला आहे."

"गंजू नये म्हणून लावलं मी. तुला वाटतं मला त्याची किंमत नाही?"

"गंजाला तेलाचे दोन थेंब पुरतात रे. तू त्याचा मुरांबा करून ठेवलास."

"मग हाण की हातोडी."

"हातोडी म्हणे. तू जन्मभर धान्याच्या कोठारावर वजनंच केलीस, हे या गावाचं नशीब."

अर्ध्या तासाने तिने दात घासायच्या जुन्या ब्रशने फटी साफ केल्या, मागच्या झाकणाचे स्क्रू हळू ठोकून सैल केले आणि रॅचेटसकट दोन्ही हात एका पारदर्शक पिशवीत घातले.

"हे काय आता?"

"आत गव्हाच्या दाण्याएवढी स्प्रिंग आहे. एकदा उडाली की सापडत नाही. कामाच्या वेळी तू सापडायचा नाहीस, तशी."

झाकण निघालं, स्प्रिंग टण्णकन पिशवीवर आपटली. ऑरव्हिलला हसू आलं, ते त्याने गिळलं. तिने दात पुसले, तेल सोडलं, सगळं पुन्हा बसवलं आणि मूठ फिरवली. टक् टक् टक्.

"अस्साच वाजायचा," ऑरव्हिल म्हणाला.

तिचा पारा पुन्हा चढला. "तुला काय ठाऊक? तू घरात रेडिओवर बेसबॉल ऐकत बसायचास."

"खिडकी उघडी असायची. तू ट्रॅक्टरखाली असलीस की हा आवाज यायचा. बाबांचा हात चालायचा तेव्हा वेगळा यायचा."

म्हणजे त्याला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. लव्हॉनने रॅचेट टेबलावर ठेवला. हातात राहिला असता तर फेकून मारला असता.

"मग कार्डावर तुझं नाव कसं?"

"कमिटीने विचारलं, मुलाचं नाव काय. मी सांगितलं."

"वापरायचं कोण, ते सांगताना जीभ झडली असती?"

त्याने हातातली चिठ्ठी उलटी करून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "उद्या सकाळी छापखाना उघडा असतो. काय हवं ते लिहून दे, नवं कार्ड आणतो."

चिठ्ठीच्या पाठीवर तिने लिहिलं: 'आइनार ट्वेटन आणि मुलगी लव्हॉन.' त्याने ती घडी करून शर्टाच्या खिशात घातली. रॅचेटकडे हात नेला, तर तिने तो आपल्याकडे ओढला. "आधी कार्ड. मग ने."

शनिवारी तो आला नाही. सोमवारी मेळा संपला, तोवर फळीवर नुसती भोकं होती. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. ऑरव्हिल दर रविवारी तिच्याकडे जेवायला येतो, दोनदा वाढून घेतो, बायकोच्या गुडघ्यांबद्दल बोलतो. छापखान्याच्या जागी आता केस कापायचं दुकान आहे. कार्ड छापायचं राहिलं आहे.