फॅमिली पॅकचा किलोचा भाव

आमच्या घरी तेल रोज यायचं, तेही दहा रुपयांचं. आई मजुरीवरून येताना बाटलीच्या बुडाला लागेल एवढं आणायची. महिन्याला तेच सगळ्यांत महाग पडायचं. पण महिनाभराचं एकदम घ्यायला पैसे कधी हातात आलेच नाहीत. हे गणित मला बी.कॉम.ला कळलं. घरातला पहिला पदवीधर मीच.

पुढे खामगावच्या एका मार्टमध्ये फ्लोअर मॅनेजर झालो. शेजारच्या गावच्या अंगणवाडीतल्या मदतनीस शांताबाई तिथे यायच्या. त्यांना मीच सांगितलं, "मावशी, सहा जणी मिळून मोठा पुडा घ्या अन् वाटून घ्या. स्वस्त पडते." त्या तसं करू लागल्या. शांताबाईंच्या ओट्यावर वाटीनं वाटणी व्हायची.

मग मार्टच्या साहेबांनी तूरडाळीचे पाच किलोचे फॅमिली पॅक दारापाशी रचले. वर पिवळा बोर्ड, 'महाबचत'. किलोचा पुडा एकशे साठला, पाच किलोचा आठशे चाळीसला. म्हणजे मोठ्या पुड्यात किलो पडला एकशे अडुसष्टला. याला आम्ही युनिट रेट म्हणतो.

"साहेब, मोठा पुडा महाग पडून राह्यला."

"मले माहीत आहे. मोठा पुडा दिसला की लोक भाव काढत नाहीत. तूही काढू नको."

त्या महिन्यात शांताबाईंनी दोन पॅक नेले. मी बिलिंगपाशीच उभा होतो. प्रोबेशनचा शेवटचा महिना होता. गप्प राहिलो.

पुढच्या खेपेला त्या एकट्याच आल्या.

"माह्या पोरीनं भाव काढला. ऐंशी रुपये जास्तीचे गेले. तुले माहीत होतं?"

"हाव."

"मंग सांगतलं काऊन नाही? बाया मले म्हणतात, तुह्या मॅनेजरनं तुले त्यातले किती देले?"

त्या दुपारी मी मार्करनं किलोचा भाव लिहून प्रत्येक पुड्याखाली चिठ्ठी लावली. साहेबांनी एकेक चिठ्ठी स्वतः काढली.

"पगार कोणाचा घेऊन राह्यला बे तू?"

दुसऱ्या दिवसापासून मी गोडाऊनला. अजून तिथेच आहे.

सहा जणींचा गट मोडला. पाच जणी पुन्हा गावातल्या दुकानातून पावशेर-पावशेर नेतात. शांताबाई मार्टला येतात. दोन पुडे शेजारी ठेवतात, बोटांवर भाव काढतात, स्वस्त पडेल तो उचलतात. गोडाऊनच्या दारातून मला दिसतं. मला काही विचारत नाहीत.

तुम्हीही तसंच करा. बोर्ड वाचू नका, किलोचा भाव काढा. आणि सांगणारा पगार कोणाचा घेतो, तेही बघा. माझ्या शिक्षणानं एका बाईची डाळ स्वस्त झाली, तीही तिनं माझं ऐकणं सोडल्यावर.