तो हात मोजू नका

"ही कांजूरमार्गची आहे ना, हिला आधी सेंट मारा गं."

अध्यक्षबाई हे माझ्याशी नाही, माझ्या डोक्यावरून दुसऱ्या बाईशी बोलल्या. तिने बाटली काढली आणि माझ्या मानेवर, काखेत फवारलं. झुरळांवर औषध मारतात तसं. मी भाड्याच्या नऊवारीत हात वर करून उभी. आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

आमच्या वस्तीत कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येतो, खरं आहे. पण तो कचरा काही आम्ही एकट्यांनी केलेला नाही. मुलुंडच्या ज्या हॉलमध्ये मला सेंट मारला, तिथल्या बायकांच्या घरचाही त्यात आहे.

ही बायकांची जुनी संस्था. तळमजल्यावर तिचं स्वयंपाकघर आहे. तिथे आम्ही फराळ करतो, मसाले करतो, संस्था ते विकते. कामाला लागले तेव्हा मला आडनाव विचारलं. त्यानंतर नैवेद्याच्या पुरणाला कधी हात लावू दिला नाही. मी कायम तळणाला. कोणी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पोटाचा प्रश्न होता. गिळलं.

त्या दिवशी संस्थेचा वर्धापनदिन होता. इंग्रजांच्या काळात बायकांना मत मिळावं म्हणून ज्या संस्था झगडल्या, त्यांत आमचीही होती, याचा वरच्या बायकांना भारी अभिमान. त्यावरच नाटुकलं बसवलं होतं. मोर्चात बायका कमी पडल्या म्हणून स्वयंपाकघरातून मला आणि सुमनमावशीला वर बोलावलं. माझ्या हातात फलक दिला, 'आम्हालाही मत हवे'. मी जीव तोडून ओरडले. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला होता. अशाच कुणी बायका खरंच सरकारच्या दारात उभ्या राहिल्या असतील, असं वाटलं. निवेदन करणाऱ्या बाईंनी माइकवर सांगितलं, सुरुवातीला मत मिळालं ते घर-जमीन, मिळकत असलेल्या बायकांनाच, बाकीच्यांना पुढे बरंच थांबावं लागलं. टाळ्या पडल्या.

नाटुकलं संपलं आणि लगेच वार्षिक सभा सुरू झाली. आम्ही दोघी नऊवारीतच मागे भिंतीला टेकून उभ्या राहिलो. पहिलाच ठराव आला. दिवाळीनंतर स्वयंपाकघर बंद करायचं आणि जागा योगवर्गाला भाड्याने द्यायची. आम्हाला कोणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या ऑर्डरींची भाजणी मी त्याच सकाळी भाजून ठेवली होती.

"विरोधात कोण?"

चार-दोन हात वर गेले. माझाही गेला. चिटणीसबाई बोटाने मोजत माझ्यापर्यंत आल्या आणि अडल्या.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "तो हात मोजू नका. ती स्वयंपाकघरातली आहे."

मी हात खाली घेतला नाही.

"अगं बाई, नाटक संपलं आता."

हॉल हसला. या वेळी मी हसले नाही. सुमनमावशीने माझा पदर ओढला. "हात खाली घे गो बाय, उगाच नाय ता होतला."

मी म्हणाले, "बाई, काम आमचं जातंय. मग आमचं मत का नाही?"

"तुम्ही लाभार्थी. मत सभासदांचं."

लाभार्थी. आमच्या हातच्या चकल्या विकून हॉलला रंग लागला, एसी बसला, आणि लाभ आमचा.

"मग मला सभासद करा."

"त्याला दोन सभासदांची शिफारस लागते."

मी समोर बघितलं. सगळ्या मला नावाने ओळखत होत्या. कुणाच्या सुनेच्या बाळंतपणाचे डिंकाचे लाडू मी वळलेत, कुणाच्या घरच्या लग्नाचा रुखवत केलाय. मी विचारलं, "कोण देतंय शिफारस?" मघाशी विरोधात हात वर केलेल्या एकीने पर्स उघडली. एक मोबाईलमध्ये शिरली. अख्ख्या हॉलमध्ये दोन बायका निघाल्या नाहीत.

ठराव पास झाला. "चला, चहा आणा गं आता," अध्यक्षबाई म्हणाल्या. जणू काही घडलंच नव्हतं.

"नाही आणणार," मी म्हणाले. फलक काखेत मारला आणि जिना उतरले. मागून चपला वाजल्या. सुमनमावशी होती.

घरी येऊन साबणाने मान घासली, काखा घासल्या. तो सेंट जाईना. डम्पिंगच्या वासाने मला जन्मात कधी ओकारी आली नाही. त्या सेंटने आली.

निवडणुकीत माझ्या बोटाला जी शाई लागते, तीच अध्यक्षबाईंच्या बोटाला लागते. देश माझं मत मोजतो. आणि बायकांच्या मतासाठी झगडल्याचे हार गळ्यात घालून मिरवणाऱ्या या बायकांना ते मोजवत नाही. मिळकतवालीला मत मिळालं, तिथेच यांचा झगडा संपला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कळवलं. स्वयंपाकघरातल्या आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. दिवाळीआधी पुन्हा सभा बोलवा, नाही तर एक चकली तळली जाणार नाही. भाजणी डब्यात आहे, डबा तिथेच आहे, तळून घ्या तुमच्या हातांनी.

सभेला आम्ही खुर्च्यांवर बसणार. हात वर करणार. मोजायचा नसेल तर का नाही, ते माइकवर सांगा. शिफारशीचं कारण देऊ नका. माझं आडनाव घेऊन सांगा.