बाम

बामाची डबी उघडली की आमची तांबडी घोडी आठवते. चैत्रात ती माजावर आली की कुणाचं ऐकायची नाही. लहानपणी एका सकाळी कर्जतच्या बाजाराला जाताना मी तिच्या पाठीवर होते, बाबा मागून चालत होते. उल्हास नदीच्या मध्यावर, घोडीच्या पोटाला पाणी लागलेलं, आणि पलीकडे बांधलेला टांग्याचा घोडा खिंकाळला. घोडी थरथरली, लाथा झाडू लागली. मी घाबरून लगाम ओढला. “ओढू नको गं, हात ढिलं सोड,” बाबा हळूच म्हणाले. “उतरू?” “नाय. पायाखाली येशील.” पाणी कापत ते पुढे आले आणि घोड्याचा वास येऊ नये म्हणून खिशातली डबी काढून तिच्या नाकपुड्यांना बाम चोळला. ती शिंकली, फुरफुरली आणि मुकाट चालू लागली. परवा बाबांना धाप लागली. छातीला बाम चोळताना माझी बोटं ताठरली होती. डोळे न उघडताच ते म्हणाले, “हात ढिलं सोड गं.”