बसप्पा वाण्याची माघार

पेडगावच्या बसप्पा वाण्यानं जन्मात हाती धरलेलं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे गूळ फोडायची सुरी. पण जगातली कुठलीही लढाई हरली ती त्याचा सल्ला न घेतल्यामुळंच, याबद्दल त्याला शंका नव्हती. पानिपतावर बायाबापड्या न्यायला नको होत्या. हिटलरनं रशियात जाताना घोंगड्या घ्यायला हव्या होत्या. खर्ड्याला निजामानं किल्ल्यात शिरायला नको होतं. हे मात्र तो रस्त्याकडं बघून हळूच सांगे. तो लिंबाखाली लढायला बसला की मीठमिरची तोलायला बायको, गंगम्मा, होतीच.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात हिंदची फौज निजामावर चालून आली. रझाकारांच्या धाकानं गाव आधीच अर्धमेलं झालेलं.

"अप्पा, फौज कवा यील इथवर?" शेजारच्या मुंजाजीनं विचारलं.

बसप्पानं ओट्यावर तुरीचे दाणे मांडले. "ही मनमाडची वाट. ही निजामाची तोफ. दिवाळीपस्तोर काय हालत न्हाई बघ. निवांत रबी पेरा."

आठवडा उलटायच्या आत निजामाचे शिपाई परभणीकडून वाट फुटेल तिकडं पळत सुटले. "आले, आले!" अशी गावात ओरड झाली, तेव्हा बसप्पानं झटपट डावपेच आखला. युद्धशास्त्रात त्याला माघार म्हणतात. प्रत्यक्षात तो मागच्या दाराशेजारच्या रिकाम्या कणगीत शिरला.

मागच्या दारात आला एकच शिपाई. मिशा पांढऱ्या, पाय लंगडा, वर्दी चिंब. त्यानं बंदूक आपणहून भिंतीला टेकवली.

"अम्मा, थोडा पानी देव."

गंगम्मानं तांब्या दिला. बसप्पाच्या कानाशी युद्ध एवढं जवळ कधी आलं नव्हतं, आणि ते घटाघटा पाणी पीत होतं.

"घर कुठं हाय?"

"बीदर के पास, अम्मा."

"ह्या कपड्यात जाल तर वाटंतच मराल," म्हणत तिनं खुंटीवरचं धोतर काढून दिलं. जिंतूरच्या बाजारातलं, काठाचं, कोरं. कणगीतून हरकत घ्यावी असं बसप्पाच्या फार मनात आलं. पण सेनापतीनं आपला ठावठिकाणा सांगायचा नसतो.

शिपाई गेला, बंदूक राहिली. मग बसप्पा बाहेर आला, डोक्यातला भुसा झटकला आणि बंदूक खांद्यावर टाकून चावडीवर गेला. "हिसकून घेतली," एवढंच बोलला. बाकीचं गावानंच रचलं.

दुसऱ्या दिवशी हिंदी फौजेची जीप आली. वेशीत बंदूकधारी माणूस उभा! जवानांनी त्याला रझाकार समजून दंडाला धरलं. बसप्पानं सफाईदार उर्दूत खुलासा केला, त्यानं संशय पक्का झाला.

गंगम्मा पिठाच्या हातानं धावत आली. जीपमधला सुभेदार साताऱ्याकडचा निघाला.

"सायेब, ह्यांनी आजपस्तोर उंदीर मारला न्हाई. बंदूक एक पळता शिपाई ठिवून गेला. हे कणगीत व्हते."

सगळं गाव ऐकत होतं. सुभेदारानं बसप्पाकडं पाहिलं. "काय हो, खरं?"

आता शूर म्हणून परभणीच्या तुरुंगात जायचं, की भित्रा म्हणून घरी? असल्या पेचात थोरामोठ्यांनी काय केलं, ते बसप्पाला मुखोद्गत होतं.

"खरं हाय सायेब," तो म्हणाला. "कणगीतच व्हतो. गुडघे अजून दुखायलेत."

सुभेदार पोट धरून हसला. बंदूक जीपमध्ये गेली आणि बसप्पा सुटला. मुंजाजीनं तर हसता हसता उपरण्यानं डोळे पुसले.

घरी बसप्पा जेवायला बसला. धोतरावरून दोन शब्द सुनावायचे होते, तेवढ्यात गंगम्माच म्हणाली, "पोचला आसंल का वो त्यो बिदरला? पाय तर लय सुजला व्हता."

बसप्पानं हातातला घास ताटात ठेवला. "गंगाखेडाकडून गेला आसंल तर गोदावरी लागतीय मधी," तो म्हणाला. "पूर आसंल."

दसऱ्याला तो पुन्हा लिंबाखाली बसायला लागला. जगातल्या सेनापतींना पहिल्यासारखाच झोडपी. रण सोडून पळालेल्या शिपायांना मात्र नावं ठेवीनासा झाला.