डिंभ्याचं पाणी पुन्हा भरताना

डिंभे धरणाचं पाणी आणि त्यातले मासे हा माझा पीएचडीचा विषय. प्रबंधाची दोनच प्रकरणं राहिली होती आणि माझे गाईड सर निवृत्त झाले. नव्या मॅडमनी फाईल चाळली आणि शांतपणे म्हणाल्या, "डेटा जुना झालाय. वर्षभराचे नमुने पुन्हा घ्या."

त्यांच्यासमोर मी फाईल उचलून पिशवीत घातली. अवसरीला घरी आल्यावर मात्र पिशवी अशी आपटली, की सासूबाई गोठ्यातून धावत आल्या.

पुन्हा तेच सुरू झालं. दर महिन्याला मंचर, घोडेगाव, डिंभे. पाण्याच्या बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवायच्या. एप्रिलमध्ये परतीची एसटी आलीच नाही. दुपारभर थांबले. बर्फाचं पाणी झालं, बाटल्या कोमट झाल्या. नमुने वाया गेले होते. एकेक झाकण उघडून मी सगळं रस्त्यावर ओतलं. थांब्यावरचे एक आजोबा कळवळून म्हणाले, "आवो ताई, उन्हाळ्याचं पाणी कशाला वतताय?" रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग.

घरी म्हटलं, "सोडून देते आता."

नवरा म्हणाला, "तुला वाटेल तसं कर." त्याचाही मला रागच आला.

सासूबाई भाकरी थापत होत्या. तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "येवढं केलं आन् आता सोडती व्हय? परत कवा जायचं ते सांग. मी येते संगं."

त्या खरंच आल्या. भाजी नेणाऱ्या शेजाऱ्याचा टेम्पो त्यांनीच ठरवला, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या आणि वाटभर मॅडमचा उद्धार केला. "तिला म्हनावं, येकदा ये की हितं चिखलात!" मी गुडघाभर गाळात उभी राहून बाटल्या भरत होते आणि त्या काठावरून झाकणं देत होत्या. त्या दिवशी नमुने वेळेत पोचले. पुढचेही पोचले.

गेल्या महिन्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध उघडायच्या आधीच विचारलं, "एवढी वर्षं का लागली हो?"

मॅडम शेजारीच बसल्या होत्या, खाली बघत. मी म्हटलं, "सर, माशांबद्दल विचारा."

त्यांनी विचारलं. मी पास झाले. पेढे वाटायचा उत्साह मात्र माझ्यात उरला नव्हता. ते सासूबाईंनीच आळीभर वाटले.