बाहुल्यांचं पाळणाघर

आमच्या गिरणीत एका वर्षी ‘कामगाराचे जीवन’ नावाचं प्रदर्शन भरलं. आमचंच जीवन आम्हालाच दाखवायचं, तेही सुटीच्या दिवशी आणि सक्तीनं. गावात संपाची भाषा ऐकू यायला लागली की मालकांना आमच्या आरोग्याची काळजी वाटू लागायची, त्यातला हा प्रकार.

कापसाच्या रिकाम्या गोदामाला चुना मारून पताका लावल्या होत्या. एका भिंतीशी ‘पूर्वीची साधने’ म्हणून हातमाग ठेवला होता. तो एका तेलुगू विणकराकडून आणलेला. विणकर रोज येऊन विचारायचा, माझा माग परत कधी देता, लुगडं अर्धं राहिलंय. पलीकडे ‘कामगाराची आदर्श खोली’. तिला दोन खिडक्या होत्या. चाळीतल्या आमच्या खोलीला एकही नव्हती. आणि शेवटी पाळणाघर: सहा पाळणे, पांढऱ्या मच्छरदाण्या, आत सहा बाहुल्या. वर पाटी, ‘अफू देणारी आई ही आई नव्हे’.

मी मोडनिंबच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे पाट्या मोठ्यानं वाचून दाखवायला मला निवडलं. रिळं भरायच्या खात्यातून उठवून मला कडक इस्त्रीचं लुगडं नेसवलं आणि पाळण्याशी बसवलं. दिवसभर बाहुलीला झोके द्यायचे आणि ती पाटी वाचायची. माझी आठ महिन्यांची पोर तेव्हा चाळीत पडलेली असायची. सकाळी मीच तिला अफूची गोळी चाटवून यायची. न देऊन करणार काय? पाळी दहा तासांची, आणि शेजारच्या म्हातारीला धड दिसत नव्हतं. पाटी वाचताना माझा आवाज बसायचा. मॅनेजर म्हणायचा, “जरा ठणठणीत वाच.”

सुटीच्या दिवशी पुण्याच्या एक बाई व्याख्यानाला आल्या. अफूनं मुलं कशी खंगतात, अडाणी आया स्वतःच्या झोपेसाठी लेकरांना विष कसं देतात, हे त्यांनी तासभर सांगितलं. मग शंका विचारा म्हणाल्या. शंका कुणी विचारावी अशी त्यांची अपेक्षा नसावी, कारण पाकीट काखेत घेऊन त्या उठल्याच होत्या.

आमच्या खात्यातली मावशी उभी राहिली. ती कुंभारीहून रोज चालत यायची. तिची लेकही गिरणीतच होती आणि लेकीचं तान्हं त्याच गोळीवर वाढत होतं.

“बाई, अफू वाईट हाय, ते आमास्नी कळतंय की,” मावशी म्हणाली. “पन भोंगा झाल्यावर लेकरू ठिवायचं कुटं?”

“पाळणाघरात,” बाई हसून म्हणाल्या.

“आनि ते कुटं हाय?”

बाईंनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या बाहुल्यांकडे, बोट केलं. “हे काय, इथं.”

“व्हय,” म्हणून मावशी खाली बसली.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधीच ती नातवाला घेऊन गोदामात आली. मागं चार बाया, प्रत्येकीच्या कडेवर मूल.

“उचल त्या बाहुल्या,” मावशी मला म्हणाली. मी उचलल्या. पाच पाळणे भरले. मावशीनं सहाव्याकडे पाहिलं. “तुजी कुटं हाय?”

“खोलीवर.”

“मग आन की.”

मी धावतच गेले. त्या दिवशीची गोळी पोरीला दिली होती, पण तरी आणली.

दुपारी मॅनेजर बड्या पाहुण्यांना घेऊन आला. पोरांनी रडून गोदाम डोक्यावर घेतलं होतं. मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला. मी मनात म्हटलं, गेली आता नोकरी. पण एक मडमीण पाळण्यात वाकून म्हणाली, किती खरं वाटतंय. त्यासरशी मॅनेजर, ही सगळी आपलीच कल्पना असल्यासारखा, मान डोलावू लागला. प्रदर्शन संपेपर्यंत मुलांना कुणी हात लावला नाही.

संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गोदामाला कुलूप. बाया मुलं घेऊन मॅनेजरच्या दारात बसल्या, मीही बसले. तिकडे रिळं भरायचं थांबलं, तशी सुतासाठी साच्यांवरच्या, म्हणजे मागांवरच्या, विणकरांची ओरड सुरू झाली आणि दुपारच्या आत कुलूप निघालं. सहापैकी तीन पाळणे परत आले. बाकीचे कुणाकुणाच्या बंगल्यावर गेले होते. उरलेल्या पोरांसाठी आम्ही जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या आणि हट्टानं एक आया मागून घेतली.

माझी पोर पहिले आठ दिवस सारखी किंचाळायची. रिळांपाशी उभी राहून मला तो आवाज ऐकू यायचा आणि बरं वाटायचं. अफूवरच्या पोरी रडत नाहीत.

पुढे वर्तमानपत्रात मालकांच्या दूरदृष्टीबद्दल छापून आलं, पुण्याच्या बाईंचा फोटोही आला. मावशीला दोन महिन्यांनी म्हातारपणाचं कारण सांगून घरी बसवलं. मी कुंभारीला भेटायला गेले तेव्हा ती शेतात भुईमूग उपटत होती. मी वर्तमानपत्र वाचून दाखवलं.

“लई मोटी मानसं,” ती म्हणाली, आणि माझ्या हातात शेंगा दिल्या.