काढलेले पोचे

उर्वशी सौसरची. पांढुर्ण्याच्या एका कॉलेजात शिकवते आणि सहा वर्षांपासून नागपूरला पीएचडी करून राहिली आहे. विषय असा की, पातळ पत्र्याचं कवच दाबाखाली किती वाकतं आणि कधी खचून बसतं. लग्नाकार्यात कोणी विचारलं तर ती ‘धान्याच्या कोठीचा अभ्यास’ म्हणून मोकळी होते. बायका मान डोलावतात. कोठी प्रत्येकीच्या घरी आहे. तिच्यात सहा वर्षं अभ्यासण्यासारखं काय, हे तोंडावर विचारणं बरं दिसत नाही.

कॉम्प्युटरवर ती कोठीचे हजारो बारीक चौकोन पाडायची. थोडा भार टाकायचा, पत्रा किती सरकला ते काढायचं, मग त्या बदललेल्या आकारावर पुढचा भार. पत्रा एवढा पातळ आणि वाकणं एवढं मोठं, की एका दमात उत्तर निघत नाही. कॉम्प्युटर म्हणाला, कोठी एकोणीस टन पेलेल. प्रयोगशाळेत यंत्राने वरून दाबली, तर सहा टनांतच तिच्या घड्या पडल्या.

गाईड सर सभ्य गृहस्थ. ते रागावले नाहीत. दुसरी कोठी दाबायच्या आधी आकडा लिहून बंद पाकिटात द्या, जुळला तर सही करतो, नाही तर मुदत संपली, एवढंच म्हणाले. हातात तीन आठवडे होते. पुस्तकांत उपाय होता: कॉम्प्युटरमधल्या गुळगुळीत कोठीला आपल्याच मनाने पोचे पाडायचे. पोचा किती खोल धरायचा, यावर पुस्तकं मोघम होती. खोली बदलली की हवा तो आकडा मिळायचा, आणि तेच तिला खुपत होतं.

दोन्ही कोठ्या मोहगावच्या चिंधूकाका या पत्र्याच्या कारागिराने केलेल्या. रविवारी ती त्यांच्या दुकानात गेली. विकायला ठेवलेल्या प्रत्येक कोठीवर दोनचार पोचे दिसत होते. तिच्या कोठ्यांवर एकही नव्हता. असं कसं, तिने विचारलं.

‘तू कॉलेजातली मॅडम,’ काका म्हणाले. ‘तुले पोच्याची कोठी देऊ काय? अंदरून ठोकून ठोकून सगळे काढले. दोन दिवस त्यातच गेले.’

‘मंग मले सांगतलं काहून नाई, काका?’

‘पाहुण्याले कोणी सांगते काय, भाजी खाली लागली होती म्हणून?’

काका तिच्यासोबत सौसरला आले. घरी उभ्या असलेल्या दुसऱ्या कोठीवरून त्यांनी हात फिरवला आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या चौदा जागांवर बोट ठेवलं. उर्वशीने तिथे खडूने खुणा केल्या, मापाच्या यंत्राची सुई लावून सबंध कोठी इंचाइंचाने मोजली. पत्रा कुठे आत होता, कुठे बाहेर. फरक फार तर त्याच्याच जाडीएवढा, अर्धा मिलिमीटर. तेवढाच तिने कॉम्प्युटरला सांगितला. उत्तर आलं, सात टन चारशे किलो.

आता पंचाईत झाली. पहिली कोठी सहालाच बसली होती. दुसरी, त्याच हातची, सातच्या वर कशी जाईल? सहा लिहिणं शहाणपणाचं होतं. पाकीट दोन दिवस उघडंच राहिलं. मग तिने सात टन चारशे लिहिलं आणि चिकटवलं.

यंत्रावर कोठीने सहा पार केले तेव्हा सर खुर्चीत पुढे सरकले. ती बसली सात टन दोनशेला. सरांनी पाकीट फोडलं, आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि सही केली.

प्रबंधाची कच्ची प्रत घेऊन उर्वशी मोहगावला गेली. काकांनी कोठीचा नकाशा पाहिला. चौदा जागी लाल ठिपके.

‘हे नागपूरच्या लोकाईले दिसन?’

दिसेल, ती म्हणाली.

काकांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. ‘मंग खाली लिहजो,’ ते म्हणाले, ‘काढले होते म्हणून.’

सरांच्या मते या वाक्याची गरज नव्हती. शेवटच्या प्रतीत ते आहे.